आक्काची गोष्ट छापून आली तेव्हा

माझी पहिली लांब गोष्ट मासिकानं मध्येच बंद केली. नायिका दासगावच्या बंदरावर बोटीत बसली आणि मुंबईला निघाली, एवढं छापून झालं होतं. पुढच्या अंकात ती मुंबईला पोचलीच नाही. जागेअभावी गोष्ट थांबवत आहोत, असं संपादकांनी कार्डावर दोन ओळींत कळवलं. मी तेव्हा महाडला मुलींच्या शाळेत शिकवत होते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका खोलीत राहायची, रात्रीच्या दिव्याला तेल पुरेल तेवढं लिहायची. माझ्या नायिकेचं पुढे काय झालं हे विचारायला कुणी येईल, असं मला वाटलं नव्हतं.

पण एक बाई आली. शाळा सुटल्यावर पडवीत छत्री टेकवून उभी होती. बाजारपेठेत नवा दवाखाना काढलेल्या डॉक्टरांची ती बायको. पुण्याकडची. तिला मी येताजाता पाहिलं होतं, बोलणं कधी झालं नव्हतं.

"बाई, त्या मुलीला तुम्ही बोटीत बसवून ठेवलंय," ती म्हणाली. "उतरवणार कधी?"

मी हसले, आणि हसताहसता माझे डोळे भरून आले. तिनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्या दिवशी मी तिच्या घरी चहाला गेले, आणि पुढं तीन-एक वर्षं आठवड्यातून दोनदा तरी जात राहिले. ती मला बाई म्हणे, मी तिला वहिनी. दोघी एकमेकींना शेवटपर्यंत अहोजाहोच करत होतो. जवळीक काही त्यामुळं कमी नव्हती.

तिच्या माजघरात नेहमी तीन-चार मांजरं असत. एक जुनी कबरी होती आणि बाकीची तिचीच प्रजा. वहिनींच्या घरी मासळी शिजत नसे, म्हणून ही मंडळी दूधभात खाऊन झाला की सरळ सावित्री नदीच्या काठाला मासळीबाजारात जात आणि तोंडाला वास लावून परत येत. वहिनी त्यांची वाट अडवून बसायच्या. ओल्या फडक्यानं एकेकीचं तोंड पुसायच्या आणि म्हणायच्या, "बाहेर काय करता ते माझ्या नवऱ्याला कळू देऊ नका." पिल्लांचे डोळे चिकटले की पाणी उकळून निववून त्यात कापूस भिजवायच्या. पिल्लू आपलं आपण खायला लागल्याशिवाय आईपासून तोडायचं नाही, आणि ज्या घरी द्यायचं ते घर स्वतः पाहिल्याशिवाय द्यायचं नाही, हा त्यांचा नेम होता. गावातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या बायकोला त्यांनी पिल्लू नाकारलं होतं, कारण त्या घरात लहान मुलं मांजराला शेपटी धरून उचलतात असं त्यांच्या कानावर आलं होतं. इतकी मायेची बाई मी दुसरी पाहिली नव्हती. हे मी आजही खोटं म्हणणार नाही.

आमचं बोलणं मात्र बहुतेक गोष्टींचं. लांब गोष्ट महिन्यामहिन्यानं द्यायची म्हणजे ती कुठं तोडायची, यावर आमचं कधी एकमत झालं नाही.

"वाचक महिन्यातून एकदा आपल्या दारात येतो," मी म्हणायची. "त्याला उपाशी परत पाठवू नये."

"पाणी द्यावं," वहिनी म्हणायच्या, "आणि जेवायला पुढच्या महिन्यात बोलवावं. पोट भरलं तर तो परत येईल कशाला?"

मी शेवट ठरल्याशिवाय पहिलं पान लिहीत नसे. त्यांना शेवट कधीच ठाऊक नसे. त्या म्हणायच्या, मांजरी पिल्लाला मानेला धरून उचलते तेव्हा कुठं ठेवणार हे तिलाही माहीत नसतं. आम्ही लिहिलेलं प्रकरण टपालात टाकण्याआधी एकमेकींना वाचून दाखवायचो. त्यांची एक लांब गोष्ट तेव्हा एका मासिकात नुकतीच सुरू होणार होती. एका डॉक्टरच्या घरातली गोष्ट होती. भाषा गोड, पण सगळं कसं सारवून ठेवलेलं. मी त्यांना खरं ते सांगितलं.

"माणसं चांगली आहेत वहिनी, पण कुणाचं काही अडलेलंच नाही."

त्यांनी कबरीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "अडलेली माणसं मी पाहिलीत कुठं?"

माझी थोरली बहीण पोलादपूरच्या पलीकडे उमरठला दिली होती. आमचे वडील त्याच बाजूचे, शेती करून गावच्या शाळेत शिकवणारे. मला त्यांनी शिकवलं ते आक्काचं लग्न झाल्यावर. तिच्या वेळी त्यांना ते सुचलं नव्हतं. आक्काचा नवरा, माझे भावजी, मुंबईला गिरणीत. घरी आक्का आणि तिची सासू. सासूला डोळ्यांनी फारसं दिसत नसे. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, हात धरून परसात नेणं, सगळं आक्का करी. मूलबाळ नव्हतं. भावजी गणपतीला आणि शिमग्याला येत. पुढं पुढं येईनासे झाले. गिरणीत रजा मिळत नाही, असं आक्का सांगे. शिमगा जवळ आला की ती त्यांचा काळा कोट पेटीतून काढून अंगणातल्या दोरीवर उन्हाला घाली आणि विचारणाऱ्याला सांगे, "औंदा येतायत. निरोप आलाय." मी त्यावर विश्वास ठेवला होता. मुंबईला गेलेल्यांचं तसंच असतं.

एका दिवाळीनंतर आक्कानं बाजाराला आलेल्या गाडीवानाबरोबर सांगून पाठवलं, उंदरांनी बियाण्याचा भात फोडलाय, एखादं मांजर मिळालं तर बघ. उमरठच्या बाजूला मांजर टिकत नसे. रान अगदी अंगणापर्यंत, बिबट्या ओटीवरून कुत्रा उचलून नेई. मी वहिनींना विचारलं. कबरीची तीन पिल्लं तेव्हा नुकती खायला लागली होती. बिबट्याचं ऐकून त्यांनी आधी मानच हलवली. मग म्हणाल्या, "तुमची बहीण आहे म्हणून. पण मी बरोबर येणार. ते निजणार कुठं हे बघितल्याशिवाय मी ठेवायची नाही."

शनिवारी आम्ही सर्व्हिस मोटारीनं पोलादपूरला उतरलो. तिथून बैलगाडी, आणि शेवटचा चढ पायी. झाकणाच्या टोपलीत पिल्लू सारखं ओरडत होतं आणि वहिनी टोपलीशी बोलत चालल्या होत्या. आक्कानं पायरीवर गरम पाणी ठेवलं होतं. इतक्या शिकलेल्या, पुण्याच्या बाईला कुठं बसवू नि काय देऊ, असं तिला झालेलं. वहिनी सरळ आत गेल्या आणि चुलीपाशी बसकण मारून म्हणाल्या, "मला भाकरी थापायला शिकवा." आक्का त्या एका वाक्यानं त्यांची झाली. पुढं कितीतरी दिवस ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या हातचं खाल्लंन गो तिनं. चुलीपाशी बसून."

मला सोमवारी शाळा होती. पिल्लू अजून रडत होतं, काही खात नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं. हे रुळलं की मी येते." मला बरंच वाटलं. आक्काला कुणाचा सहवास नसे. मी एकटी परत आले. वहिनी आठवडाभरानं आल्या त्या उन्हानं काळवंडून आणि गप्प. पिल्लू आता भाताच्या कणगीवर चढून निजतं आणि सुकटीचा वास आला की आक्काच्या पायांत घोटाळतं, एवढं त्यांनी सांगितलं. आक्काबद्दल म्हणाल्या, "तुमची बहीण फार मोठ्या मनाची आहे." मला अभिमान वाटला.

त्यानंतर त्या खूप लिहायला लागल्या. मी गेले की कागद उलटा करून ठेवायच्या. मी वाचायला मागितलं तेव्हा हसून म्हणाल्या, "आता छापूनच वाचा. तुम्हालाही जरा वाचकासारखी वाट बघू दे." मी ते थट्टेवारी घेतलं. इतक्या वर्षांत मी त्यांना माझी एकही ओळ वाचून दाखवल्याशिवाय पाठवली नव्हती, आणि तरीही मी ते थट्टेवारी घेतलं.

गोष्टीचे पहिले हप्ते डॉक्टरच्या घरातले होते, माझ्या माहितीतले. मग त्या घरात डोंगरातल्या एका बाईची आठवण निघते आणि गोष्ट तिच्याकडे वळते. तो हप्ता मी शाळेच्या पडवीत बसून वाचला. पहिली दोन पानं मी नुसती खूश होते. वहिनींच्या लिहिण्यात एकदम जीव आला होता. माणूस दिसत होतं, त्याचं अडलेलं दिसत होतं. आणि मग दोरीवर कोट आला. काळा कोट, शिमग्याच्या आधी उन्हाला घातलेला, आणि "निरोप आलाय" हे शब्द. आंधळी सासू. कणगीवर निजणारं मांजराचं पिल्लू. नाव तेवढं बदललं होतं.

मी अंक मिटून पदराखाली धरला. जवळ मुली खेळत होत्या, त्यांच्यातलं कुणी बघेल याची मला लाज वाटली. मनाला समजावलं, कोट कोण घालत नाही उन्हाला? पण पुढच्या महिन्याच्या अंकात ते आलं, जे मला ठाऊक नव्हतं. त्या बाईच्या नवऱ्यानं मुंबईत दुसरं बिऱ्हाड केलं आहे. एक बाई आहे, तिला मुलगा आहे. आणि डोंगरातली बाई हे सगळं जाणून आहे. म्हाताऱ्या सासूचा जीव मुलाच्या वाटेवर टिकून आहे म्हणून ती दर वर्षी कोट उन्हाला घालते आणि खोटं सांगते.

मी तशीच वहिनींच्या घरी गेले. त्या पिल्लांना दूध पाजत होत्या. मी अंक समोर ठेवला.

"हे खरं आहे?"

"गोष्ट आहे बाई."

"वहिनी, मी तिची बहीण आहे. हे खरं आहे का?"

त्यांनी वाटी खाली ठेवली. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?" हे त्यांनी खरोखरच नवल वाटून विचारलं. "मला वाटलं, तुम्हाला सांगितलंच असेल."

माझ्या सख्ख्या बहिणीचं दुःख मला मासिकातून कळलं होतं, आणि ज्या बाईनं ते मला कळवलं ती समोर बसून माझ्या अज्ञानाचं नवल करत होती. मला धड रागही येईना.

"तुम्ही तिला विचारलंत?" मी म्हटलं. "छापायच्या आधी?"

"विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती."

हे त्या अगदी सरळ म्हणाल्या. मग घाईघाईनं बोलू लागल्या. संपादकांनी कळवलंय की असं प्रकरण आजवर आलं नव्हतं. मागच्या हप्त्यावरच किती बायकांची पत्रं आली, आमचंही असंच आहे म्हणून. तुमच्या आक्काचं दुःख एकटीचं राहिलं नाही. "आणि तुम्हीच म्हणाला होता ना," त्या म्हणाल्या, "की माझ्या गोष्टीत कुणाचं काही अडलेलं नाही?"

मी उठले. दारापर्यंत कबरी माझ्या मागं आली. वहिनी आल्या नाहीत.

पुढच्या रविवारी मी उमरठला गेले. पोलादपूरच्या वाचनालयात ते मासिक येई आणि उमरठचे मास्तर बाजाराच्या दिवशी अंक घरी नेत, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आक्काला माझ्याकडून कळावं, एवढंच मनात होतं. सासू माजघरात निजली होती. आक्का मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"वाच," ती म्हणाली.

"आक्का, नको."

"हळू वाच. म्हातारीला ऐकू जाईल."

मी वाचलं. दोन्ही हप्ते वाचले. वहिनींनी तिची वाक्यं जशीच्या तशी घातली होती. वाचताना माझ्या तोंडून आक्काच बोलत होती, आणि आक्का समोर बसून ऐकत होती. मांजर येऊन तिच्या मांडीवर बसलं, तिनं त्याला हलकेच खाली ठेवलं.

"मी रडले ते पण लिवलंन," ती म्हणाली.

मग मी न राहवून विचारलं. "मला का नाही सांगितलंस? तिला सांगितलंस, आणि मला नाही?"

"तू आपली गो. तुला सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस. मुंबईला जाऊन जाब विचारला असतास. मग झाकायचं कसं?" तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "ती परकी. मांजर ठेवायला आली, दोन दिसांनी जाणार. परक्याला सांगितलेलं वाऱ्यावर जातं, असं वाटलं."

"गावात कुणाला ठाऊक आहे?"

"गावचे पुरुष मुंबईत एका खोलीत ऱ्हातात. त्यांना ठाऊक हाय. पण कुणी तोंडातून काढलं नाय आजवर. न बोललेलं हाय तवर घर हाय." आणि मग, सुपाकडे बघत, "आता बोलतील."

बोलले. मास्तरांच्या ओटीवर तो अंक मोठ्यानं वाचला गेला. बायका आक्काच्या घरी उगीच येऊन बसायला लागल्या, तिचा हात हातात घ्यायला लागल्या. आक्काला सगळं चालत असे, ही कणव चालत नसे. कुणीतरी म्हातारीला सांगितलं. तिनं आक्काला जवळ बोलावून विचारलं, आणि आक्का आयुष्यात पहिल्यांदा सासूशी खोटं बोलू शकली नाही.

त्या शिमग्याला भावजी आले. कोट उन्हाला घातलेला नव्हता. मी तिथं नव्हते. जे झालं ते मला शेजारणीकडून कळलं. मुंबईत गावच्या पोरांनी त्यांना गोष्टीवरून हिणवलं होतं. अंगणात उभे राहून ते आक्काला म्हणाले, माझी अब्रू छापून आणलीस. सगळ्यांना वाटलं आता जातील, पुन्हा तोंड दाखवणार नाहीत. पण झालं उलटंच. लपवलेलं होतं तोवर त्यांना काही लाज होती. त्या लाजेपायी ते गावाला येत नव्हते आणि घर आक्काच्या हाती होतं. आता लपवायला काही उरलं नाही. पुढच्या गणपतीला ते त्या बाईला आणि मुलाला घेऊन उघड उघड उमरठला आले. लग्न लावलंय, असं सांगितलं. त्या काळी त्याला कायद्याचीही आडकाठी नव्हती. ती मायलेकरं तिथंच राहिली.

आणि म्हातारी, जिला आक्कानं इतकी वर्षं हात धरून उन्हात बसवलं होतं, जिच्यासाठी सगळं खोटं चाललं होतं, तिनं नातवाच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपलं अंथरूण त्यांच्या खोलीत घालायला सांगितलं. आक्कानंच ते उचलून नेऊन घातलं.

मासिकातली गोष्टही त्याच सुमारास संपली. वहिनींनी त्या डोंगरातल्या बाईला विहिरीत जीव द्यायला लावला. वाचक हळहळले म्हणे. गोष्टीचं पुस्तक निघालं, डॉक्टरांनी पुन्हा पुण्याला दवाखाना हलवला, आणि त्या गेल्या. जाण्याआधी त्यांनी एका मुलीबरोबर मला पुस्तकाची प्रत पाठवली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ज्यांच्यामुळे ही गोष्ट मिळाली त्यांना. मी ते पान फाडलं नाही. पण पुस्तक उघडून पुढं वाचलंही नाही.

आक्काला मी शेवटाबद्दल सांगितलं नव्हतं. तिनंच एकदा विचारलं, त्या बाईचं पुढं काय केलंन? मी सांगितलं.

"हिरीत?" ती म्हणाली. "कशाला? पाणी कुणी भरायचं मग त्या घरात?"

मी तिला महाडला माझ्याकडे येऊन राहा म्हणून कितीदा सांगितलं. ती आली नाही. मागच्या पडवीला कूड घालून तिनं वेगळी चूल मांडली, दोन खाचरं स्वतः कसली, आणि तशीच राहिली. सवतीशी तिचं भांडण कधी झालं नाही. त्या मुलाला ती पोहायला शिकवायची, सर्दी झाली तर काढा द्यायची. मांजर पुढल्या पावसाळ्यात बिबट्यानं नेलं.

मी दर सुट्टीत जात राहिले. तिनं मला कधी दोष दिला नाही. वहिनींना तिच्या दारात घेऊन आलेली मी होते, हे तिनं एका शब्दानंही कधी काढलं नाही. तिनं मला जेवू घातलं, निघताना पदरात नाचणीचं पीठ बांधून दिलं. पण त्यानंतर तिनं मला स्वतःचं असं काही सांगितलं नाही. पीक कसं आहे, कशेडी घाटात दरड कुठं आली, म्हैस कधी विणार, एवढंच. मी विचारलं की म्हणे, "बरं हाय गो." आणि तिच्या बरं हाय गोच्या आत काय आहे, हे मला पुढं कधीच कळलं नाही.